भुऱ्याची तब्येत

जनावरांचं बोलणं माणसांना कळेनासं झालं, त्या काळातली ही गोष्ट. करंजखेड्यात देवाला सोडलेला भुऱ्या नावाचा वळू होता. त्याला काम नव्हतं. दारोदारी पुरणपोळी मिळायची आणि पाठीवर थाप पडायची, "भुऱ्याची तब्येत काय सुधारलीये." ते ऐकून त्याला आणखी भूक लागायची.

तो मुतायचा तिथं मुंग्यांची रांग लागायची. त्याला वाटायचं, मुंग्याही आपल्याला देव मानतात.

एकदा पाठीवरची साळुंकी म्हणाली, "अरे, मुंग्या तुझ्या मुतातल्या साखरेला जमतात. खुराची जखम चार महिने भरत नाही, वेशीपर्यंत जाताना धाप लागते. आजारी आहेस तू."

भुऱ्या घाबरला. पोळी सोडून रानातल्या गवताला लागला. महिन्याभरात पोट उतरलं, धाप थांबली. पण रोज पोळी घालणाऱ्या गोदाकाकूंनी त्याला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "वाळला गं बाई. नजर लागली."

गावाने दृष्ट काढली, भुऱ्याला दावणीला बांधलं आणि जबडा उघडून पोळ्या भरवल्या. "नको," तो हंबरला.

"बघा, अजून मागतोय," काकू म्हणाल्या.

दिवाळीआधीच तो कोसळला. गाव भोवती जमून रडत होतं. "आत्ता कुठे तब्येत सुधारली होती हो," म्हणत काकूंनी हातातली पोळी शेजारच्या वासरापुढे धरली. "हे बघा, किती वाळलंय."

मिटत्या डोळ्यांनी भुऱ्याने पाहिलं, वासराने तोंड उघडलं होतं.