आबांच्या पायांखालची जमीन

फार जुन्या काळी, एका डोंगराळ राज्यात, एका सुताराची लेक बारा वर्षांनी घरी परत आली. राजधानीत राहून ती लाकूडकाम शिकली होती. वाटभर तिच्या मनात एकच चित्र होतं: आबांचं घर, आणि त्यात सागाच्या फळ्यांची लखलखीत जमीन. आबांनी घासलेल्या जमिनीची कीर्ती पंचक्रोशीत होती. घरी येऊन पाहते तर काय? फळ्या काळवंडलेल्या. उंबऱ्यापाशी एक गाठ वर आलेली, चुलीपाशी खोल ओरखडा, खाटेजवळ झिजून पडलेला खळगा.

तिला भरून आलं. ज्यानं साऱ्या गावाच्या जमिनी घासल्या, त्याच्याच घराची ही दशा!

"आबा, चार दिवस शेजारी राहायला जा. मी ही जमीन नवी करते."

"राहू दे गं बाय," म्हातारा म्हणाला. "मला जरा अंधुक दिसतं. चालतंय माझं तेवढ्यावर."

"तुमचं काही ऐकणार नाही. आयुष्यभर तुम्ही लोकांचं केलंत, आता तुमची पाळी."

म्हातारा काहीतरी बोलणार होता. पण लेकीच्या आवाजातली हौस त्याला मोडवेना. तो अंथरूण उचलून शेजारी गेला.

तिने आधी रंधा मारला. मग ओली वाळू टाकून दगडाने घासलं. मग खरवतीची खरखरीत पानं घेऊन, गुडघ्यांवर बसून, एकेक फळी गुळगुळीत केली. उंबऱ्यापाशीच्या त्या गाठीनं अर्धा दिवस खाल्ला. शेवटी जवसाचं तेल जिरवलं.

शेजारची म्हातारी डोकावली. "काय गं, तुझ्या राजधानीत लोक जमिनीत बघून वेणी घालतात वाटतं?"

लेक हसली. तिला तो कौतुकाचाच बोल वाटला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आबा घरी आले. उंबरा ओलांडला, दोन पावलं टाकली आणि थांबले. अंगठ्याने फळी चाचपली.

"इथली गाठ कुठे गेली?"

"काढली, आबा!"

"कारागीर झालीस हो. माझ्या हातून ती कधी निघाली नव्हती," म्हातारा म्हणाला. मग पाणी प्यायला म्हणून माठाकडे वळला, आणि सरळ पेटत्या चुलीवर जाऊन पडला.

लेकीनं त्याला ओढून बाजूला घेतलं, पण त्याचा हात भाजलाच. जखमेला तूप लावताना तिने दिवा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. पापणी हलली नाही.

"केव्हापासून, आबा?"

"सहा वर्षं झाली. निरोप धाडला असता तर शिक्षण टाकून आली असतीस."

"आणि जमीन?"

"गाठ लागली की दार. ओरखडा लागला की चूल. खळगा लागला की खाट. पायांनीच बघत होतो."

"मला थांबवलं का नाही?"

"वाटलं, पाय नवं घर शिकतील. नाही जमत गं आता."

तिने पटाशी उचलली. "मी पुन्हा खाचा पाडते. सांगा नेमकं कुठे, किती खोल."

"मला कुठे ठाऊक? ते पायांना ठाऊक होतं."

त्या दिवसानंतर तो म्हातारा स्वतःच्या घरात कधीच एकटा चालला नाही. लेकीचा हात आला की उठायचा, नाहीतर भिंतीशी बसून राहायचा.

हात भाजला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गावचा पाटील हौसेनं आला. "पोरी, तुझ्या आबांच्या घराचं ऐकलं. धर्मशाळेची जमीनही तशीच आरशासारखी कर."

तिचे डोळे रडून सुजले होते. तिने रंधा फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवला आणि म्हणाली, "करीन, पाटीलबाबा. पण आधी तिथे राहणाऱ्या प्रत्येकाबरोबर अनवाणी चालेन, आणि कुठे काय लागतं ते विचारीन. त्यांनी 'राहू दे' म्हटलं, तर 'का' ते ऐकल्याशिवाय रंध्याला हात लावणार नाही."

आणि ती पहिल्या माणसाला भेटायला बाहेर पडली.

बोध: ज्याचं भलं करायचं, त्याला आधी विचारावं; न विचारता केलेलं भलं त्याचाच आधार काढून घेतं.