चारचा भोंगा

एका गावात एक मैदान होतं आणि त्या मैदानावर गावाचा फार जीव होता. वस्तीनं म्हणाल तर ते चांगलं शहर झालं होतं. सूतगिरणी होती, फाउंड्र्या होत्या, चौकात सिग्नलसुद्धा लागले होते. पण तिथली माणसं त्याला गावच म्हणत. गावात पेठेपेठेत तालमी होत्या. पूर्वी तिथे कुस्ती चाले. पुढे कुणीतरी फुटबॉल आणला, आणि तालमीच्या पोरांनी तो जो पायाला लावला तो परत सोडलाच नाही. प्रत्येक तालमीची टीम झाली. टीमचा रंग ठरला. घरांच्या दारांना तोच रंग लागला. सोयरीक जमवताना मुलगा कोणत्या तालमीचा हे आधी विचारत, शिक्षण मागाहून.

इतकं वेड असून गावाला एक खंत होती. पोरं मैदान गाजवायची, पण खेळून पोट भरत नसे. लग्न झालं की बूट खुंटीला लागायचे आणि पोरगा फाउंड्रीत भट्टीपुढे उभा राहायचा. म्हणून खेळाडूंना दरमहा पगार देणारी लीग गावात असावी, असं सगळ्यांनाच वाटे. वाटून काय होतं? दोनदा लीग निघाली आणि दोन्ही वेळा बुडाली.

पहिली लीग गावातल्याच बड्या मंडळींनी काढली. ती बुडाली गावाच्या रुबाबामुळे. त्या गावात टीम मैदानावर नुसती चालत जात नाही. तालमीच्या मारुतीपुढे नारळ फुटतो, हलगी कडाडते, गुलाल उडतो आणि पोरं मिरवत निघतात. त्यात एक खुळचट मान होता. जी टीम आधी पोचेल तिला दुसरीची वाट पाहत उभं राहावं लागणार, म्हणजे तिचा कमीपणा. तेव्हा दोन्ही मिरवणुका मैदानाच्या अलीकडच्या वळणावर थांबत. समोरचे आले का, हे बघायला माणूस पुढे धाडत. ते आले नाहीत म्हटल्यावर आणखी एकदा हलगी वाजे. समोरचेही तेच करत. माणसं उन्हात बसून शेंगा संपवत, आणि खेळ सुरू व्हायचा तो दिवस कलताना. मग अंधारात गोल झाला की नाही यावर भांडण. भांडण मिटवायला दुसरी मॅच, तिलाही तोच उशीर. आता यावर हसावं की कपाळावर हात मारावा? पहिल्या हंगामाचा शेवटचा सामना आजपर्यंत झालेला नाही.

दुसरी लीग बाहेरच्या एका कंपनीनं काढली. ते लोक शहाणे होते. त्यांनी मिरवणूक बंद केली, हलगी बंद केली आणि त्याबरोबर तालमीही बंद केल्या. टीमना वाघ, गरुड, वादळ अशी नावं दिली. खेळाडू बाहेरून आणले. बसायला रंगीत खुर्च्या, रात्री झगझगीत दिवे, मध्ये गाणीबजावणी. सामना घड्याळाच्या काट्यावर सुरू होई. पहिल्या दिवशी मैदान तुडुंब भरलं. लोकांनी वाघ पाहिले, गरुड पाहिले, आणि घरी जाताना एकमेकांना विचारलं, "यातलं आपलं कोण?" पुढे पुढे शेंगावाला तेवढा नेमानं यायचा. मग तोही यायचा थांबला.

या गावात हिंदुराव नावाचे एक गुळाचे व्यापारी होते. ते वडाच्या तालमीचे. तरुणपणी त्याच तालमीकडून बॅकला खेळलेले. अंगानं आडवे, बोलायला थोडे. दोन्ही लीग त्यांनी बुडताना पाहिल्या होत्या. ते एकेका तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "तालमी राहतील, रंग राहतील, मिरवणूकही राहील. हवी तेवढी मिरवा. पण चारला खेळ सुरू झाला पाहिजे."

"कुणाच्या घड्याळात चार?" लोकांनी विचारलं, कारण त्या गावात घड्याळावरूनही तट पडू शकतात.

"सूतगिरणीच्या भोंग्यात. भोंगा झाला की शिट्टी. जी टीम मैदानात नसेल ती हरली."

हे मात्र सगळ्यांना पटलं. भोंगा कुठल्याच तालमीचा नव्हता. घाट तालमीचे म्हातारे वस्ताद तेवढे हसले. म्हणाले, "हिंदुराव, आमच्यावर लावशीला ह्यो नियम. वडाच्या तालमीवर लावशीला काय?"

"लावीन," हिंदुराव म्हणाले.

त्या एका शब्दावर लीग उभी राहिली. व्यापाऱ्यांनी हात सैल केला. आठ टीम ठरल्या. खेळाडूंचे करार झाले. वडाच्या तालमीचा कॅप्टन अमरसिंह फाउंड्रीतली कायमची नोकरी सोडून आला. घाट तालमीच्या इम्तियाजनं गॅरेज भावाच्या हवाली केलं. असे कितीतरी. त्यांच्या आयाबायांनी तोंडावर आशीर्वाद दिला आणि मनात धसका घेतला. ही लीगही बुडाली तर या पोरांना भट्टीपुढची जागासुद्धा परत मिळणार नव्हती.

उद्घाटनाचा दिवस आला. पहिलाच सामना वडाची तालीम आणि घाट तालीम. सारं गाव लोटलं. मांडवात मुंबईहून आलेले मंत्री बसले. त्यांच्या शेजारी हिंदुराव, डोक्याला भगवा फेटा.

इकडे वडाच्या तालमीची मिरवणूक वेळेतच निघाली. वळणावर थांबायचं नाही, माणूस पुढे धाडायचा नाही, असं अमरसिंहानं सगळ्यांना बजावलं होतं. पण पोरं पगारी खेळाडू होऊन निघाली होती. पेठेचा ऊर भरून आला होता. प्रत्येक दारात बायका ताट घेऊन उभ्या. कुणी पायावर पाणी घालतंय, कुणी कुंकू लावतंय, कुणी तोंडात साखर कोंबतंय. ज्या आज्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं त्यांचे हात बाजूला कसे सारायचे? हलगीवाल्यांनाही आज चेव आला होता.

शेवटचं दार हिंदुरावांचं. त्यांच्या पत्नी इंदुमतीकाकी उंबऱ्यात उभ्या होत्या. पेठेतली सगळी पोरं त्यांच्या हातचे लाडू खाऊन मोठी झालेली. काकी घाईघाईनं ओवाळणाऱ्यातल्या नव्हत्या. प्रत्येकाला समोर उभं करून, नाव घेऊन, दृष्ट काढून मगच पुढे सोडत होत्या.

"काकी, उशीर हुतोय," अमरसिंह म्हणाला.

"हुतोय तर हुतोय. तिथं तुझं काकाच हाईत न्हवं? थांबत्यात की!"

सगळे हसले. अमरसिंहही हसला आणि त्यानं कपाळ पुढे केलं. चुकलं ते इथंच. आपला माणूस वर बसलाय म्हटल्यावर घड्याळाकडे बघायचं ज्यानं बंद केलं नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मैदानावर घाट तालीम कधीची उभी होती. दुसरा अर्धा भाग मोकळा. लोक माना वळवून वळवून फाटकाकडे पाहत होते. लांबून हलगी ऐकू येऊ लागली आणि तेवढ्यात सूतगिरणीचा भोंगा झाला.

पंचांनी शिट्टी ओठाशी नेली आणि मांडवाकडे पाहिलं. मंत्री हिंदुरावांकडे झुकले. "थांबू या की पाच मिनिटं. हलगी तर ऐकू येतेय. शिवाय टीम तुमच्या घरचीच ना?"

हिंदुरावांनी फाटकाकडे पाहिलं. ती हलगी त्यांच्या तालमीची होती. तिच्या तालावर ते स्वतः या मैदानात उतरले होते. नुसता हात वर केला असता तरी पंच थांबले असते, आणि घाट तालमीचीही फारशी तक्रार नसती. पण त्यांना वळणावर थांबलेल्या त्या जुन्या मिरवणुका आठवल्या. त्यांचाही उशीर पाच मिनिटांपासूनच सुरू झाला होता.

"घरची हाय म्हणूनच थांबता येत न्हाई, साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी पंचांकडे पाहून मान हलवली.

शिट्टी वाजली. घाट तालीम विजयी, असं फलकावर लागलं. तेवढ्यात वडाची पोरं गुलालानं माखलेली फाटकातून आत शिरली आणि जागच्या जागी उभी राहिली. हलगी थांबली.

मग एकदम कल्लोळ झाला. वडाच्या तालमीची माणसं उठली. "आपल्याच तालमीला मारलं! उतरवा फेटा!" असं ओरडत गर्दी मांडवाकडे सरकली. मंत्र्यांचे पोलीस पुढे झाले. हिंदुराव जागचे हलले नाहीत. आता जे व्हायचं ते अमरसिंहाच्या हातात होतं. त्यानं एक शब्द काढला असता तर मांडव उरला नसता, आणि मांडवाबरोबर लीगही.

अमरसिंह गर्दीतून वाट काढत पुढे आला. त्याच्या कपाळावर काकींचं कुंकू ओलंच होतं.

"काका, भोंगा झाल्ता?"

"झाल्ता."

"आमी आत न्हवतो?"

"न्हवता."

अमरसिंहानं डोळे मिटून घेतले. त्याला सोडलेली नोकरी दिसली असेल, घरी वाट बघणारी आई दिसली असेल. मग तो आपल्या माणसांकडे वळला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "चूक आपली हाय! बसा खाली!"

कुणी बसेना. तेव्हा तो स्वतःच मातीत बसला. त्याच्यामागे त्याची सगळी टीम बसली. मग मात्र एकेक करत सारी वडाची तालीम खाली बसली. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या अंगावर अजून काटा येतो. भांडून नाव काढलेल्या त्या पेठेनं त्या दिवशी न भांडता नाव काढलं.

अमरसिंह उठला, तो सरळ इम्तियाजकडे गेला. "भावा, मॅच तुमची. पर माणसं उन्हात येऊन बसल्यात. खेळायचं काय नुसतं?"

"खेळूया की," इम्तियाज म्हणाला. "पर जिंकल्यालं परत देणार न्हाई हां!"

"मागतंय कोण, मर्दा?"

मग जो सामना झाला तो कशातच धरला जाणार नव्हता, आणि तसा सामना गावानं त्याआधी पाहिला नव्हता. दोन्हीकडची पोरं जीव तोडून खेळली. शेवटी वडाच्या तालमीनं तीन गोल घातले, घाटनं दोन. दोन्ही बाजूंच्या हलग्या एका तालावर वाजल्या. फलकावर मात्र घाट तालीम विजयी असंच राहिलं. ते पुसा म्हणून कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. सांगायला अभिमान वाटतो, की वडाच्या तालमीच्या माणसांनीसुद्धा नाही.

संध्याकाळी हिंदुराव घरी आले. इंदुमतीकाकी ओसरीवर बसल्या होत्या. ओवाळणीचं ताट तसंच समोर होतं.

"माझ्यामुळं हरली पोरं," त्या म्हणाल्या. "तुमी थांबशीला असं वाटलं हुतं मला."

"मलाबी वाटलं हुतं," हिंदुराव म्हणाले. "हात उचलायचाच बाकी हुता."

काकींनी पदरानं ताट पुसलं आणि त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला ताट मी दारात घेऊन उभी ऱ्हाणार न्हाई."

त्या बोलल्या तशा वागल्या. पुढच्या सामन्याला इंदुमतीकाकी भोंग्याच्या बऱ्याच आधी मैदानाच्या फाटकात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांचं पाहून पेठेतल्या बायका आल्या, मग इतर पेठांतल्याही. आधी येईल त्या टीमला आधी ओवाळायचं आणि मागून येईल तिला मागून, मग ती कुठल्याही तालमीची असो, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं. झालं! गावाचा मान एका दिवसात उलटा फिरला. काल आधी पोचण्यात कमीपणा होता, आज पहिल्या ओवाळणीसाठी मिरवणुका धावू लागल्या. हलगीवाल्यांना धापा टाकत वाजवायची सवय करावी लागली. त्यानंतर त्या मैदानात भोंगा झाला आणि टीम नाही, असं कधी झालं नाही.

हंगाम संपला. शेवटच्या सामन्याला शेंगावाल्यांचीच रांग लागली होती. चषक घाट तालमीनं उचलला. वडाची तालीम दुसरी आली, अगदी थोडक्यात. पहिल्या दिवशी हरलेल्या सामन्याचे गुण मिळाले असते तर चषक तिचाच होता. पण आठही टीमच्या पोरांना पगार मिळत होता. पुढच्या हंगामाचे करार झाले होते. फाउंड्रीत परत कुणाला जावं लागलं नाही.

बक्षीस समारंभ झाल्यावर पेठेतला एकजण अमरसिंहाला हळहळत म्हणाला, "त्या दिवशीचं गुण असतं, तर आज चषक आपल्या तालमीत असता."

अमरसिंहानं मैदानाकडे बोट दाखवलं. तिथे आठ तालमींचे आठ झेंडे एकाच वाऱ्यावर फडफडत होते, आणि त्यांच्याखाली हिंदुराव फेटा काढून घाम पुसत होते.

"लेका," तो म्हणाला, "त्याच गुणावर तर ही लीग उभी हाय."

तात्पर्य: आपल्या माणसालाही नियम लावणारा आणि तो ताठ मानेनं सोसणारा, अशी दोन्ही माणसं जिथे असतात, तिथेच नवं काम मूळ धरतं.