रक्तगुरूंचा सत्कार

वेंगुर्ल्याच्या महिला मंडळात रक्तगुरू ओजसदेव आले. अध्यक्षा मंदाताई नाबरांनी त्यांना शाल पांघरली आणि मानेवर हलकेच थोपटून ती सारखी केली.

मग गुरुजी कामाला लागले. बोटातला थेंब पडद्यावर मोठा करून दाखवायचा, त्यात विष शोधायचं आणि चूर्ण विकायचं. विष प्रत्येकीत निघालं. वत्सलाकाकू तर डॉक्टरांनी मधुमेहासाठी दिलेल्या साखरेच्या गोळ्या सोडायला निघाल्या.

शेवटी मंदाताई उठल्या. "गुरुजी, मला सुईची भारी भीती. काचेवर वाळलेला डाग आणलाय, चालेल?"

"रक्त वाळलं तरी खोटं बोलत नाही!"

डाग पडद्यावर आला आणि गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरेरे! ताई, यकृत पार थकलंय, आतड्यांत बुरशी माजलीय. आजच चूर्ण सुरू करा, नाहीतर काही खरं नाही."

मंदाताईंनी चूर्णाचा डबा उचलून त्यांच्याच हातात ठेवला.

"मग तुम्ही उशीर करू नका, गुरुजी. मघाशी शाल पांघरताना तुमच्या मानेवर रक्त पिऊन टम्म झालेला डास मी चिरडला. हा डाग त्याचा."

वत्सलाकाकूंनी पर्समधून साखरेची गोळी काढली आणि गुरुजींपुढचा पाण्याचा पेला उचलला.