मुक्या तुरुंगाची ओवी

ही भिंत चार हात रुंद आहे, अस्सल काळ्या दगडाची. हिच्या पलीकडे जो तुरुंग होता त्याला आमच्या शहरात मुका तुरुंग म्हणतात. आता तिथं सरकारी दफ्तरांची गाठोडी पडलेली आहेत आणि उंदरांचं बरं चाललं आहे. पण तुम्ही काही भिंत बघायला आला नाहीत. भिंतीला चिकटून उघड्यावर हे जातं का मांडलंय, रोज पहाटे आळीतल्या एका घरची बाई इथं येऊन मूठभर ज्वारी का दळते, आणि ओवीचा शेवटचा चरण न म्हणताच का उठते, ते तुम्हाला ऐकायचं असणार. सगळे तेच विचारतात. मी समोरच्या घरात चौऱ्याहत्तर वर्षं काढली आहेत. बसा कट्ट्यावर, सांगतो.

सुभेदारांच्या काळातली गोष्ट आहे. कोणते सुभेदार ते विचारू नका, आमच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा या तुरुंगाचं नाव काढलं तरी माणसाचा घास घशात अडायचा. इथं फटके नव्हते, बेड्याही नव्हत्या. इथं बोलायला बंदी होती. आत गेलेल्यानं शिक्षा पुरी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काढलाच, तर तोवर भोगलेली सगळी वर्षं पाण्यात. शिक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. एका माणसानं म्हणे झोपेत आईला हाक मारली आणि त्याची सात वर्षं गेली. सुटून आलेली माणसं घरीसुद्धा बोटानंच बोलायची. पाणी हवं असलं तर तांब्याकडे बोट दाखवायची.

त्या काळी शहरात सटवाजी नावाचा दवंडीवाला होता. हलगी वाजवून सुभेदारांचा हुकूम सात चौकांत ओरडून सांगायचा, हे त्याचं काम. आवाज असा, की पहिल्या चौकात बोलला तर तिसऱ्या चौकातली माणसं आपापल्या कामाला लागायची, त्यांच्याकडे यायची गरजच नाही. एके दिवशी हुकूम निघाला, की तळ्याचं पाणी यापुढे फक्त वाड्यावरच्या बागेला, गावानं विहिरी बघाव्यात. सटवाजीनं पहिल्या चौकात हलगी वाजवली. माणसं जमली. तो गप्प उभा राहिला आणि थोड्या वेळानं पुढे गेला. असं सातही चौकांत केलं. सुभेदारांनी बोलावून विचारलं, हुकूम का सांगितला नाहीस. तो म्हणाला, "सरकार, हलगी माझी हाय. त्वांड बी माझंच हाय."

"मग ते मिटूनच ठेव," सुभेदार म्हणाले, आणि बारा वर्षांसाठी त्याला इथं आणून टाकला.

या भिंतीला लागून त्याची कोठडी होती. वर एक झरोका, खाली एक जातं. रोज दोन पायली ज्वारी दळायची, नाही झाली तर भाकर नाही. आता पुरुषमाणसाला दळणाची सवय कुठली? दळण हे बाईचं काम, आणि बाईचंही नुसत्या हातानं होत नाही, ओवी लागते. ओवीशिवाय जातं ओढून बघा एकदा, घटकाभरात खांदे गळतात. पहिले आठ-दहा दिवस सटवाजी उपाशीच झोपला असं सांगतात.

त्याची बायको भागू. ती रोज या भिंतीपाशी येऊन उभी राहायची. आतलं जातं अडखळत फिरतंय, थांबतंय, पुन्हा फिरतंय, हे तिनं ऐकलं आणि तिला कळलं हा हात कोणाचा. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं घरचं जातं डोक्यावर घेतलं, दोन खेपा करून वरचा-खालचा दोन्ही दगड इथं आणले आणि भिंतीला लावून मांडले. पहारेकरी धावत आला. कैद्याशी बोलायचं नाही म्हणाला.

"कैद्याशी कोण बोलतंय?" भागू म्हणाली. "मी भिंतीला सांगतीय. भिंतीला शिक्षा हाय का?"

आणि तिनं ओवी धरली.

शेवगा फुलला दारी, शेळी व्याली दोन पिलं
भिंतीबाई, सांगते तुला...

एवढंच म्हणायची. पुढे जिथं नवऱ्याचं नाव यायचं, तिथं गप्प व्हायची. कैद्याला हाक मारायची नाही हा सरकारी कायदा, आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा तिचा स्वतःचा. ती गप्प झाली, की आतलं जातं थांबायचं. एक श्वासभर. मग पुन्हा फिरायला लागायचं, तिच्या ओवीच्या लयीत. ऐकलं, एवढंच त्याला सांगायचं असायचं. दोघांचा संसार मग याच ओवीवर चालला. लेकीचं लग्न भिंतीला कळलं, नातू झालेला कळला, भागूचे दात पडले तेही कळलं. अकरा वर्षं आणि वर अकरा महिने त्या माणसानं तोंडातून हुंकार काढला नाही.

सुटकेला आठ दिवस राहिले होते. हस्ताचा पाऊस चार दिवस कोसळून उघडला होता आणि तळ्याखालच्या मैदानात भर दुपारी बाजार भरला होता. सटवाजी जात्यावर चढून झरोक्यातून बाहेर बघत होता. त्याला बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसलं. झिरपणारं पाणी निवळ असेल तर भिण्याचं कारण नसतं, हे तळ्याकाठच्या पोरालाही माहीत असतं. पाणी गढूळ होतं. म्हणजे बांध आतून चालला होता. बाजारात कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

तो किती वेळ तिथं उभा राहिला असेल, हे कोणी सांगत नाही. मला वाटतं, सगळी गोष्ट तेवढ्यातच आहे. भागू लुगडं धुऊन ठेवत होती, घर सारवत होती. आठच दिवस.

मग त्यानं झरोक्याला तोंड लावलं.

"ऐका हो ऐका! बांध फुटतोय! बाजार सोडा, टेकडीवर चढा!"

बारा वर्षं न वापरलेला आवाज, पण सातही चौकांत गेला म्हणतात. माणसं पोरं उचलून, तराजू टाकून पळाली. थोड्याच वेळात बांध गेला. बाजार पुसला गेला, शंभरेक दुकानं वाहून गेली, पण माणूस एकही गेला नाही.

संध्याकाळी तुरुंगाचा नाईक कोठडीत आला. वाईट माणूस नव्हता, त्याचीही बायकोपोरं बाजारात होती. खाली मान घालून म्हणाला, "सटवाजी, आज तुझा पहिला दिवस धरायला लागतोय. आज काय बोलशील ते बोल. आज बोललास म्हणून आणखी काही जाणार नाही."

सटवाजी म्हणाला, "भागूला सांगा, आता जातं उचलून घरी ने म्हणावं. तिचं वय झालं."

नाईकानं निरोप सांगितला. भागू म्हणाली, "त्यांची दवंडी मला ऐकू आली न्हाई म्हणावं." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन बसली.

आता गावाचं ऐका, कारण इथून पुढचं सांगताना मला लाज वाटते. गाव सुभेदारांकडे जाणार होतं, सटवाजीला सोडा म्हणून सांगायला. सोमवारी जाऊ असं ठरलं. सोमवारी पुढे कोण चालणार यावर अडलं. मग दसरा आला. मग बाजार उभा करायचा होता. आणि खरं सांगायचं तर एका दवंडीवाल्यासाठी वाड्याची पायरी चढायची कोणी? प्रत्येकाला वाटलं, दुसरा बोलेल. ज्याच्या आवाजानं सगळे जगले होते, त्याच्यासाठी एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मुका तुरुंग आम्ही याला म्हणतो, मंडळी. त्या वर्षी मुकं गावच होतं.

तिसऱ्या वर्षी भागू गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत आटोपलं. आत कोणी कळवलं नाही, कळवायची रीतच नव्हती. पाचव्या दिवशी पहाटे आतलं जातं सुरू झालं, थोडं फिरलं आणि थांबलं. मग फिरलंच नाही. ओवीची वाट बघत होतं. आळीतल्या घराघरात ते ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. लोकांनी दारं लावून घेतली, पण दार लावल्यानं ऐकू यायचं थांबतं का?

चौथ्या पहाटे ठकूबाई नावाची कोष्टीण उठली. तिचा आणि भागूचा पाण्यावरून जन्मभर उभा दावा होता. ती येऊन जात्यावर बसली आणि मूठभर ज्वारी घालून तिनं ओवी धरली. भागू गेल्याचं तिला काही म्हणता येईना. तिनं आपल्या मागाचं सांगितलं, आळीत कोणाचं बारसं झालं ते सांगितलं, आणि भागू गप्प व्हायची तिथं गप्प झाली. आवाज परका होता. आतल्या माणसाला सगळं कळलं असणार. बऱ्याच वेळानं आतलं जातं फिरलं. दुसऱ्या दिवशी ठकूबाईच्या शेजारणीनं पाळी घेतली, आणि तेव्हापासून घरागणिक पाळी लागली.

सटवाजी पुढे कधी वारला, ते आळीला समजलंच नाही. आतलं जातं आपलं फिरत होतं आणि ओवीच्या शेवटी थांबत होतं. पुष्कळ वर्षांनी सुटलेल्या एका कैद्यानं बोटानं खुणा करून सांगितलं, की दवंडीवाला केव्हाच गेला. त्याच्यामागे त्या कोठडीत चौघे येऊन गेले. पहाटे बाहेरची बाई गप्प झाली, की जातं थांबवायचं, एवढं प्रत्येक जण पुढच्याला खुणेनं शिकवून जायचा. बायकांनी ते ऐकलं आणि पाळी चालूच ठेवली. कोणाला तरी सांगायचंच होतं ना.

तुरुंग रिकामा होऊन आता साठ वर्षं झाली. आजही पाळी चुकत नाही. मागच्या माघात आमच्या घरची होती. माझी बायको त्याच्या बारा दिवस आधी गेली, आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. शेजारणी म्हणाल्या, काका, आम्ही बसतो. मी म्हटलं, नको. स्वतःच बसलो. मला ओवी येत नाही, आवाजही नाही. ती गेली एवढंच भिंतीला सांगितलं, कारण तोवर मी ते कोणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. शेवटी गप्प झालो आणि वाट बघितली. आत कोणी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पुष्कळ वेळ उठवेना.