जिवंत भावाला तिलांजली

पूर्वी कृतयुगात, जेव्हा मनुष्याच्या वाणीला वजन होते आणि संकल्पाचे पाणी जमिनीत जिरण्याआधीच फळ देई, तेव्हा मंदस्रवा नदीच्या तीरी धृतव्रत आणि श्रुतंजय हे दोन ऋषिबंधू राहत. मातापितरे लवकर निवर्तलेली; थोरल्या धृतव्रताने धाकट्याला तळहाताच्या फोडासारखा जपलेला. एकदा एका त्रिकालज्ञ तपस्व्याने धृतव्रताला एकांतात सांगितले, की श्रुतंजय तिशी पाहणार नाही. धृतव्रताने धाकट्याला याचा सुगावाही लागू दिला नाही. "समिधा घेऊन येतो रे," एवढेच बोलून तो हिमालयाच्या कंदरांत गेला आणि भावाच्या आयुष्यासाठी यमधर्माची आराधना करू लागला.

परागंदा झालेल्याची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असे शास्त्र. पण प्रेमाला धीर कुठला! दादा कुठे तरी मरून पडला असेल, पाण्यावाचून त्याचा आत्मा तडफडत असेल, या विचाराने श्रुतंजयाच्या घशाखाली घास उतरेना. अकरावे वर्ष सरताच त्याने पुतळा जाळला, पिंड ठेवला, तिलांजली दिली. मला त्याचा राग येतो, आणि डोळेही भरतात. पोटात माया असली म्हणून उतावळेपणा काही शहाणपण ठरत नाही.

त्याच पंधरवड्यात धृतव्रत परतला, धाकट्यासाठी कल्पान्तापर्यंतचे आयुष्य वर मागून. त्याला पाहताच गाईंनी दावी तोडली. त्याने कुंडात आहुती दिली, तर तूप निखाऱ्यांवर थिजून राहिले. श्रुतंजयाने धावत जाऊन मिठी मारली, तेव्हा भावाच्या अंगाला चितेच्या धुराचा वास येत होता.

पाठोपाठ महिषारूढ यमधर्म प्रकटला. "धृतव्रता, तुझ्या नावाचा पिंड पितृलोकी पोचला आहे. तिथे मांडलेले आसन रिकामे राहत नाही. चल."

"चला, धर्मराज. ज्यासाठी गेलो होतो ते झाले," धृतव्रत म्हणाला. मग भावाकडे वळला. "श्रुत्या, गाईंना वेळेवर पाणी पाज."

"थांबा. चूक माझी आहे, त्या आसनावर मी बसेन," श्रुतंजय म्हणाला.

"तुला कल्पान्तापर्यंत मृत्यू नाही," यम उत्तरला.

"दिलेले आयुष्य माझेच ना? मग ते मला दानही करता येईल." आणि थोरल्याचा हात पोचण्याआधीच त्याने ओंजळीत पाणी घेऊन, भावाच्या नावे, आपल्या आयुष्यावर उदक सोडले. कुंडातला अग्नी भडकला. श्रुतंजय जागच्या जागी कोसळला.

धृतव्रताने यमाचे पाय धरले. "हे आयुष्य मला नको. परत घ्या."

"सोडलेले उदक परत घेता येत नाही," यम म्हणाला. त्यालाही वाईट वाटले असावे. "मात्र पुन्हा कुणा जिवंताला असे पाणी मिळू नये, म्हणून या तीरावर पुतळ्याला अग्नी देण्यापूर्वी तीनदा नावाने हाक मारली जाईल. उत्तरासाठी थांबले जाईल."

तेव्हापासून मंदस्रवेच्या तीरी तशी हाक मारतात. नाव कुणाचेही असो, पैलतीरावरून "ओ, आलो रे" असे उत्तर येते, आणि एक जटाधारी म्हातारा गुडघाभर पाण्यात उतरतो. धाकट्याने हाक मारली, असे त्याला वाटते. तेव्हा हात जोडून "दादा, तुम्हांला नव्हे" असे म्हणायचे, तो मागे वळेपर्यंत थांबायचे, आणि मगच पुतळ्याला अग्नी द्यायचा.