जिराफाची मान

"मग सई याला जवळ का घेत नाही, बाई?"

एवढं विचारून शर्वरीने जिराफ टेबलावर उभा केला. पिवळाधमक कापडी जिराफ, ठिपक्याला ठिपका जुळलेला, आणि मान इतकी सरळ की गवंड्याने आपला ओळंबा तिच्यावरून तपासून घ्यावा.

नदाफबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.

इचलकरंजीच्या मुलींच्या शाळेत बाईंनी जन्मभर शिवण शिकवलं. निवृत्त झाल्यावर यंत्रमागवाल्यांकडचे उरलेसुरले कापडाचे तुकडे आणून ओसरीत कापडी खेळणी करायला बसल्या, आणि गावातल्या बायकांना करायला शिकवू लागल्या. बाप पिंजारी, कापसाशी त्यांचं नातं पाळण्यापासूनचं.

शर्वरी त्यांची शाळेतली विद्यार्थिनी. शिवणाच्या वर्गातही पहिल्या नंबराची. नवऱ्याने पुण्यात दुसरं बिऱ्हाड थाटल्यापासून तिचं आणि लेकीचं पोट या खेळण्यांवरच होतं.

"सई म्हणजे?"

"माझी मुलगी. ती काय, तिकडे."

ओसरीच्या कोपऱ्यात चिंध्यांच्या ढिगाशी एक एवढीशी पोर स्वतःशीच काहीतरी बोलत बसली होती.

"मी केलेलं एकही खेळणं ती घेत नाही, बाई. जुना पंचा कवटाळून झोपते. दुकानात पण तेच. लोक हातात घेतात, वा वा करतात, आणि परत फळीवर ठेवतात. घरच्या पोरीलाच जे नको, ते जगाच्या पोरांना मी कुठल्या तोंडानं विकू? सोडून देऊ का हे सगळं?"

बाईंनी जिराफाला बोटाने टिचकी मारली.

जिराफ हलला नाही.

"चांगलाच ठासलायस की, पाटणकर."

बाई तिला अजून माहेरच्या आडनावानेच हाक मारत. हजेरी घ्यायची जुनी सवय.

"हो ना!" शर्वरीला ती शाबासकीच वाटली. "गावात कुणाच्याच जिराफाची मान उभी राहत नाही. सगळ्यांच्या लुळ्या पडतात. मी विणायच्या सुईने चिमूट चिमूट कापूस आत दाबते."

"बोटं सोलपटली असतील."

"चालायचंच."

"आई येऊन राहते का तुझ्याकडे?"

"येते म्हणाली होती. मीच नको म्हटलं. जमतंय मला."

"शेजारीपाजारी?"

"चांगलेत हो. पण उगाच कुणाला कशाला त्रास? जमतंय, बाई."

"रडतेस?"

"वेळ कुठाय!"

शर्वरी हसली, आणि हसता हसता तिला शंका आली, जरा जास्तच हसलो की काय आपण. शंकांना तिच्याकडे तोटा नव्हता. पोरीला ताप नसला तरी थर्मामीटर लावायची. ताप निघाला नाही तर थर्मामीटरच बिघडलाय का, म्हणून स्वतःला लावून बघायची. पण जिराफाच्या मानेबद्दल मात्र तिला शंका नव्हती. आयुष्यात एवढी एकच गोष्ट अशी सरळ उभी होती.

"एक सांग," बाई म्हणाल्या. "मान धरलेलं मूल जन्माला आलेलं बघितलंस कधी?"

"असं कसं होईल, बाई? मान धरायला महिने लागतात त्यांना."

"तोवर?"

"तोवर… आपण हात द्यायचा ना मानेखाली."

"हं."

बाई उठल्या. फळीवरून आपला एक जिराफ काढला आणि शर्वरीच्या जिराफाशेजारी ठेवला. क्षणभर तो उभा राहिला. मग त्याची मान हळूहळू वाकली, एक पाय दुमडला, आणि भद्दिशी तो तोंडावर आपटला.

शर्वरीला राहवलं नाही. "पडला, बाई. भरण कमी झालंय तुमचं."

"असेल."

"मी भरून देऊ का नीट?"

जिराफ पडल्याच्या आवाजाने सई वळली. उठून टेबलाशी आली. उभ्या जिराफाकडे तिने पाहिलंही नाही. पडलेल्याच्या मानेखाली हात घातला, त्याचं डोकं खांद्यावर घेतलं आणि त्याच्या पाठीवर थोपटायला लागली.

"उगी, उगी… लागलं का रे बाळा?"

थोपटत थोपटतच ती कोपऱ्यात निघून गेली.

गल्लीतले माग खडखडत होते. शर्वरी लेकीच्या पाठीकडे बघत राहिली. "उगी उगी" हे शब्द त्यांच्या घरात कुणी कुणाला म्हणून बरेच दिवस झाले होते. पोरीने ते कुठे जपून ठेवले होते कोण जाणे.

बाईंनी छोटी कात्री तिच्यासमोर सरकवली.

शर्वरी खाली बसली. जिराफ मांडीवर आडवा घेतला. पोटाखालची शिवण तिने इतकी बारीक घातली होती की तिची तिलाच सापडेना. सापडल्यावर एक टाका कापला, मग दुसरा. आत बोट घातलं. कापूस दाबून दाबून दगड झाला होता, सुटता सुटेना. ती एकेक बोळा ओढून काढत गेली आणि तिच्या मांडीवर ढीग होत गेला.

तिने जिराफ परत टेबलावर ठेवला. मानेला पहिली सुरकुती पडली. मान एका अंगाला कलली, थरथरली…

शर्वरीचा हात आपोआप पुढे झाला. तिने ती सावरून धरली.

"बाई… अजून काढला तर पडेल हो."

बाईंनी आपली सुई उचलली, उजेडाकडे धरली, दोरा ओवला.

"काढ."