आधी पुरावा, मग दाढी

वसईच्या सुधन्वा केळसकरचं फेसबुकवर ‘आधी पुरावा’ नावाचं नास्तिक पेज होतं. तिथे इनास तुस्कानो नावाचे ख्रिस्ती गृहस्थ कोकराचा फोटो लावून त्याच्याशी रोज भांडायचे. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

एका रविवारी सुधन्वा सलूनमध्ये शिरला, खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि साबण लागता लागता लाइव्ह गेला.

“मेंढरांनो, मी पुराव्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाही. ठेवताना पकडून दाखवा, तिथल्या तिथे पेज बंद करतो.”

अर्धी दाढी झाली आणि वस्तरा गळ्यापाशी थांबला.

“कशावरच नाही, भाऊ?”

“कशावरच.”

“मग मला दाढी करता येते, हे कधी तपासलंत?”

“म्हणजे? सलून तुमचं ना?”

“छे. सलूनवाला चहाला गेलाय. मी गिऱ्हाईक, इनास तुस्कानो. तुम्ही इतक्या श्रद्धेनं मान दिलीत, मला नाही म्हणवेना.”

लाइव्हवर हसणाऱ्या इमोजींचा पूर आला. सुधन्वाने मान जराही न हलवता, नुसत्या अंगठ्याने पेज बंद केलं.

“आता खऱ्या सलूनवाल्याला बोलवा,” तो पुटपुटला.

“बोलावतो की. पण तो खरा आहे, हे मीही कधी तपासलं नाही हं.”